घट्ट पाणी

पाण्याचा घोट असतो की घास, हे धाकटीला चार महिने झाले तरी ठरवता आलं नव्हतं.

रोज सकाळी सहाला ती ओट्याशी उभी राहायची. पेल्यात पाणी, त्यात डब्यातली पांढरी पावडर दोन चमचे, सपाट मोजून. मग ढवळणं. ढवळताना ओठांत नाम चालू असायचं. नेमाला वेगळं बसायला आता वेळ उरला नव्हता, तेव्हा देवानेच ओट्याशी उभं राहून ऐकून घ्यावं, असं तिने त्याला सांगून टाकलं होतं. चाळीस नामं झाली की चमचा थांबवायचा, शंभर होईपर्यंत पेला तसाच ठेवायचा. तोवर पाणी मधासारखं होऊन बसे. चमच्यातून सांडायचं झालं तर धार न लागता जड थेंब होऊन लोंबत राही.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सगळं असंच लागत होतं. पाणी घट्ट, चहा घट्ट, खोकल्याचं औषधसुद्धा घट्ट. झटका आला त्यात त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही निम्मं गेलं. पातळ काही घशाशी आलं की ते वाट चुकायचं आणि पोटाऐवजी छातीत उतरायचं. महिन्यापूर्वी असंच पाणी छातीत उतरून आठ दिवस तापाने फणफणले होते. इस्पितळातून सोडताना गिळणं तपासणाऱ्या बाईंनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलं होतं, "महिन्याने, शुक्रवारी, दाखवायला आणा. तोवर ठसके थांबले तर तोंडाने देणं चालू ठेवू. नाही थांबले तर पोटात नळी बसवू. मग तोंडाने काही म्हणजे काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

बाबांनी ते ऐकलं होतं. त्यांनी डाव्या हाताने धाकटीचं मनगट धरलं, ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नव्हतं.

तो शुक्रवार आता तीन दिवसांवर आला होता, आणि ठसके काही थांबले नव्हते.

धाकटी ही घरातली धाकटी सून. थोरल्या जाऊबाई कधीच्या दुसऱ्या गावी बिऱ्हाड करून मोकळ्या झाल्या होत्या. हिचे कानशिलावरचे केस पांढरे झाले, गुडघे उठता-बसता बोलायला लागले, तरी नाव धाकटीच राहिलं. नवरा दूरच्या कारखान्यात कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचा, पहिला दिवस झोपायचा आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरायचा. त्याच्यावर तिचा राग नव्हता. रागवायलाही अंगात जरा जोर लागतो.

तिचे नेम दोनच. आधी बाबांचं, मग आपलं. ते जेवल्याशिवाय ती तोंडात घास घालत नसे. दुसरा नेम तिने कुणाला सांगितला नव्हता. बाबा साध्या पेल्याने साधं पाणी पितील, तोवर गोड खाणार नाही, असं ती देवापुढे बोलून बसली होती. चहा बिनसाखरेचा. कुणी विचारलंच तर "सवय लागली" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

भरवण्याची तिची रीतही ठरलेली. बाबांना तीन उशांवर टेकवून बसवायचं, गळ्याखाली टॉवेल, हनुवटी जराशी खाली. वाटीतून अर्धा चमचा घ्यायचा, आपल्या खालच्या ओठाला लावून बघायचा आणि मग त्यांच्या तोंडात. कंठ वर गेला, खाली आला, म्हणजे गिळलं. मग पुढचा चमचा. एका वाटीला पाऊण तास. शेजारच्या घरातला रेडिओ या वेळात बातम्यांवरून गाण्यांवर आणि गाण्यांवरून पुन्हा बातम्यांवर येई. पण धाकटीने कधी घाई केली नाही. निम्मी वाटी सुरेख जायची, आणि वाटी तळाला आली की हमखास ठसका. तोंड काळंनिळं, डोळ्यांना पाणी, घशात घरघर. पाठ चोळून चोळून तिचा तळवा गरम व्हायचा. श्वास जागेवर आला की बाबा तिच्याकडे रोखून बघत म्हणायचे, "बघ. बघ."

एवढा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता. पंखा हवा, बघ. कूस बदलायची, बघ. खिडकीत कावळा आला, बघ. चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलं. बाटल्या धुतल्या, परीक्षानळ्या मांडल्या, आणि दर वर्षी नव्या मुलांना तेच प्रयोग नव्याने करून दाखवले. शर्टाच्या बाह्यांवर कायम निळे-काळे ठिपके असायचे, म्हणून मुलं त्यांना शाईकाका म्हणायची. त्या चौतीस वर्षांत कोट्यवधी शब्द बोलले असतील, त्यातला नेमका हाच शब्द देवाने त्यांच्यापाशी ठेवला होता.

मंगळवारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे तिची नणंद, बाबांची एकुलती एक लेक. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर होत्या, आणि घरातही आल्या की आवक-जावकच चालायची. पर्स खुंटीला, चपला भिंतीला लावून, पदर खोचलेला. मंगळवारी आणि रविवारी बाबांना त्या स्वतः भरवायच्या. मान जरा मागे घेऊन, भरला चमचा थेट तोंडात, दुसरा, तिसरा. दहा मिनिटांत निम्मी वाटी झाली की "बास, पोट भरलं त्यांचं" म्हणून उठायच्या. आणि गंमत अशी, की त्यांच्या हातून बाबांना कधी ठसका लागत नसे.

"एक तरी ठसका लागला का?" वन्सं हात पुसत म्हणाल्या. "माझ्या हातून लागत नाही, तुझ्याच हातून कसा लागतो गं? सांग ना."

"तुमचा हात हलका आहे, वन्सं."

"माझा हात हलका नाही, तुझं लक्ष हलकं आहे. पावडर मोजतेस ना नीट? का तिकडे नाम आणि इकडे राम?"

"मोजते."

"आणि ते ओठाला चमचा लावतेस ते काय? बापमाणसाला उष्टं भरवायचं?"

"गरम असलं तर त्यांना उजवीकडे कळत नाही. मागे जीभ पोळली होती."

"मग बोट लावून बघ."

"बोटांना कुठे काय कळतंय आता? भांडी घासून घासून लाकडाची झालीत."

वन्संना हसू आलं होतं, पण त्यांनी ते पर्समध्ये घालून चेन लावली. "शुक्रवारी मी रजा टाकलीय. त्या बाईंसमोर ठसका लागला ना, तर नळी. माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना कळावं म्हणून जीव टाकला, आणि आता त्याच्या जिभेवर थेंब पडणार नाही. तेवढं ध्यानात ठेव."

"बघ," बाबा म्हणाले. दोघींनीही बघितलं नाही.

वन्सं गेल्यावर बाबांनी डावा हात उचलून भिंतीवरच्या फळीकडे दाखवायला सुरुवात केली. फळीवर औषधांची पत्र्याची पेटी होती. धाकटीने ती खाली घेतली, एकेक वस्तू पुढे धरली. थर्मामीटर? नाही. बाम? नाही. आयोडीनची तपकिरी बाटली हातात घेतल्याबरोबर बाबांचा हात जोरजोरात हलला. "बघ! बघ!"

"कुठे लागलं बाबा?" तिने पाय बघितले, पाठ बघितली, डोक्यात बोटं फिरवली. शेवटी डाव्या कोपराला खाटेच्या कडेने खरचटल्यासारखं दिसलं. तिने कापसाचा बोळा बुडवून तिथे लावला. "झालं हो. उद्यापर्यंत बरं वाटेल."

बाबांनी हात गादीवर आपटला आणि डोळे मिटून घेतले. शाळेत कुणी परीक्षानळी उलटी धरली की ते असेच डोळे मिटायचे. पण धाकटी काही त्यांच्या शाळेत शिकलेली नव्हती.

बुधवारी तिने पावडर दोनऐवजी तीन चमचे घातली. वन्संच्या बोलण्यात तथ्य असेल. आपल्याच हातून मोजण्यात चूक होत असेल. पाणी कसलं, चक्क खळ झाली. बाबांच्या टाळूला चिकटली, तिने बोट घालून काढली. तरी नेटाने तिने भरवणं चालू ठेवलं. अर्धा-पाऊण तास गेला, आणि तिने वाटीत बघितलं तर तळाशी पाणी. नळाला येतं तसं. सकाळी चमचा उभा राहील इतकं घट्ट केलेलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत पातळ झालं होतं. तिने तळचा चमचा भरवला मात्र, ठसका लागला तो थांबेचना.

"देवा, काय खेळ मांडलायस रे," ती वाटीकडे बघत म्हणाली. पेल्यात उरलेलं तर अजून घट्टच होतं. जसं काही तिच्या हातात आलं की पाण्याचंही अवसान गळत होतं.

संध्याकाळी साडेपाचची वाटी चालू असताना दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून ती उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद करून परत येते तो काय, बाबांच्या डाव्या हातात ती तपकिरी बाटली. पेटी कालपासून खाटेशेजारच्या स्टुलावरच राहिली होती. बूच त्यांनी दातांनी काढलं असावं, ओठ पिवळेजर्द झाले होते, आणि बाटली वाटीत उपडी होत होती.

"बाबा!"

तिने झडप घालून बाटली हिसकावली. औषध वाटीत पडलं, स्टुलावर पडलं, तिच्या पदरावर पडलं. तिने त्यांचं तोंड उघडून जीभ बघितली, टॉवेलने ओठ पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. पोटात गेलेलं नव्हतं. बाबा "बघ, बघ" करत होते, आणि तिला काही ऐकू येत नव्हतं.

"नळीची एवढी भीती वाटली का हो? का माझाच कंटाळा आला?" बाटलीला बूच बसवत ती म्हणाली. "मी कुठे कमी पडले ते तरी सांगायचं होतं. मी सांगते देवाला. पण हे असं नका ना करू."

बाटली तिने कपाटात टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि वन्संना फोन लावला.

"वन्सं, बाबांनी... आयोडीनची बाटली वाटीत ओतून घेतली. प्यायला."

 पलीकडून वन्संचा, कधी नव्हे तो बारीक आवाज. "पोटात?"

"नाही. मी काढून घेतली."

"उद्या सकाळी येते. त्यांना एकटं सोडू नकोस हं."

"एकटं कधी सोडते मी?" धाकटी म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं.

फोन ठेवून ती खाटेशेजारी जमिनीवर बसली. रडायला हवं होतं, पण रडणं म्हणजेसुद्धा आणखी एक काम होतं, आणि पसारा आवरायचा बाकी होता. फडकं ओलं करून तिने स्टूल पुसायला घेतलं.

सकाळी तिसरा चमचा खाटेशीच घातला, तेव्हा स्टुलावर पावडर सांडली होती, ती तशीच होती. औषधाचे थेंब जिथे जिथे त्या पावडरीवर पडले होते, तिथे तिथे गडद निळे-काळे ठिपके उमटले होते. आणि वाटीत? वाटीतलं पाणी नुसतं कोऱ्या चहासारखं. तपकिरी.

धाकटीचा हात थांबला. हे ठिपके तिने घासलेले होते.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांचे शर्ट धुवायला बसली होती. बाह्यांवरची शाई काही केल्या निघेना. नव्या सुनेची शोभा व्हायला नको म्हणून ती घासत होती, घासत होती, आणि बाबा मोरीच्या दाराशी येऊन हसत उभे राहिले होते. "धाकटे, ती शाई नव्हे गं. तुझ्या सासूबाई शर्टांना खळ घालतात आणि मी त्यावर आयोडीन सांडतो. खळ म्हणजे पीठच की. आणि आयोडीन म्हणजे महाचहाडखोर. पीठ दिसलं की निळं होऊन बोंब मारणार. पीठ नसलं की गप्प. आपलं तपकिरी ते तपकिरी."

तेव्हा तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं होतं आणि विसरूनही गेली होती. त्यानंतर सासूबाई गेल्या, शर्टांची खळ गेली.

तिने डबा ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मक्याचं पिठूळ. म्हणजे पावडर पिठाची. स्टुलावर पीठ होतं, आयोडीनने सांगितलं. वाटीतही तिने स्वतःच्या हाताने तीन चमचे पीठ घातलं होतं. तिथे आयोडीन गप्प होतं.

मग वाटीतलं पीठ गेलं कुठे?

तिने मान वर केली. बाबा तिच्याकडेच बघत होते. चेहरा अर्धाच हलत होता, पण त्या अर्ध्यावर काय होतं ते तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाचता आलं. वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोर उत्तराच्या अगदी जवळ आलंय आणि मास्तरांनी श्वास धरून ठेवलाय, तसं काहीतरी.

"बघ," ते अगदी हळू म्हणाले. मग जीभ बाहेर काढून जिभेला बोट लावलं. तेच बोट चमच्याला. तेच बोट वाटीला. पुन्हा जीभ, चमचा, वाटी. आणि मग धाकटीच्या खालच्या ओठाकडे.

"लाळ?" ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. या वेळी वैतागून नव्हे. चांगल्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं.

लाळेत विकर असतं, पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच सुरू होतं. सातवीत की आठवीत तिने हे वाक्य दोन मार्कांपुरतं पाठ केलं होतं आणि पेपर झाल्यावर तिथेच सोडून आली होती. विकर म्हणजे कसं असतं, ते पीठ तोडून त्याची साखर करत सुटतं, तोंडाबाहेरच्या वाटीतही ते थांबत नाही, हे कुणी कशाला सांगेल? सांगणारा माणूस तिच्यासमोर चार महिने "बघ, बघ" करत होता.

तिने कमरेची किल्ली काढली. कपाट उघडलं. दोन सारख्या वाट्या घेतल्या, दोन्हींत सारखं पाणी, सारखी पावडर. शंभर नामं होईपर्यंत दोन्ही सारख्याच घट्ट झाल्या. मग एका वाटीत धुतलेला चमचा फिरवला. दुसऱ्या वाटीसाठी चमचा आधी स्वतःच्या तोंडात घातला. जेवणाआधी तोंडात काही घालायचं म्हणून तिने देवाला "प्रयोग आहे" एवढंच सांगितलं, आणि तो वाटीत फिरवला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मिनिटागणिक एकेक बोट उघडत गेले. हाताची बोटं संपली, मग पुन्हा मुठीपासून सुरू.

दहा मिनिटांनी तिने दोन्ही वाट्या तिरप्या केल्या. पहिली जागची हलली नाही. दुसरीतलं पाणी खळकन काठाशी आलं.

एकेक थेंब आयोडीन. पहिली वाटी, निळंशार काळं. दुसरी नुसती जांभळट, आणि बघता बघता विटकरी.

धाकटीला आधी हसू फुटलं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. पाऊण पाऊण तास ती जीव लावून बसत होती. ओठाला चमचा, त्यांच्या तोंडात, परत वाटीत. अशी चाळीस वेळा ती दोघांची लाळ वाटीत घालत होती, आणि जितकी ती सावकाश, तितकं पाणी पातळ. वन्सं नाक मुरडून घाईघाईने निम्म्यावर उठत होत्या, म्हणून बाबांचा घसा वाचत होता.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "तो तापसुद्धा. मीच घातला छातीत."

 बाबांनी डाव्या हाताने स्टुलावरचं फडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

वन्संच्या तोंडून तिने कधीतरी ऐकलं होतं, की शाळेत कुणाच्या हातून काच फुटली तर शाईकाका ओरडायचे नाहीत. ते पोराच्या हातात केरसुणी द्यायचे. ती फडकं घेऊन उठली.

गुरुवारी सकाळी वन्सं आल्या त्या डोळे सुजवून. बापाजवळ बसून काय बोलायचं याची त्यांनी वाटभर तयारी केलेली दिसत होती. बघतात तो बाबा उशांना टेकून निवांत पाणी घेतायत. मोठ्या पेल्यातलं दोन-दोन चमचे छोट्या वाटीत काढायचं, ते संपलं की वाटी-चमचा पाण्यात टाकायचा, दुसरी वाटी, दुसरा चमचा. गरम आहे का ते मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. मोठ्या पेल्यात उष्टा चमचा जाणार नाही. पाऊण तास लागला, सात वाट्या खरकट्या झाल्या, आणि ठसका लागला नाही.

धाकटीने सगळं सांगितलं. वन्संना ते पटायला वेळ लागला, मग एकदम पटलं.

"म्हणजे माझी घाईच बरोबर होती म्हण की!"

"घाई नाही वन्सं. निम्म्यावर उठणं."

"तेच ते."

"आणि नाक मुरडणं."

"बघ हं बाबा, ही बोलायला लागली." वन्सं हसल्या. पर्स अजून खांद्यालाच होती. ती खुंटीला लावून त्या मोरीत गेल्या, आणि सातही वाट्या कुणी न सांगता घासून आणल्या. लक्ष हलकं असल्याची गोष्ट त्यांनी परत काढली नाही, धाकटीनेही काढली नाही.

शुक्रवारी तपासणीच्या खोलीत पांढऱ्या फरशा, एक स्टीलचा ट्रे आणि भिंतीवर घशाचा उभा कापलेला तक्ता. बाईंनी स्वतःच पेल्यात पावडर कालवली. बाबांच्या गळ्याला दोन बोटं लावून चमचा दिला, कंठ हलल्यावर कागदावर काहीतरी लिहिलं, चमचा परत पेल्यात बुडवला. "ताप आला होता का मध्ये? वजन?" लिहिणं, विचारणं, चमचा, पुन्हा पेला. मध्ये फोन आला, त्या पाचेक मिनिटं बोलल्या. चमचा पेल्यात तसाच उभा होता. धाकटी त्या चमच्याकडे बघत राहिली. तो हळूहळू एका बाजूला कलंडत होता.

फोन ठेवून बाईंनी चमचा भरला. बाबांनी डावा हात पेल्याच्या तोंडावर पालथा घातला.

"काका, हात काढा बरं." बाबांनी काढला नाही. "असं केलं तर मला 'सहकार्य नाही' लिहावं लागेल. मग नळीशिवाय इलाज नाही हं." पेन कागदाला टेकलं.

वन्संनी धाकटीकडे बघितलं. एरवी कुठल्याही कचेरीत पहिलं तोंड त्यांचं उघडायचं, पण हे नीट कुणाला सांगता येईल ते त्यांना ठाऊक होतं. धाकटीने आयुष्यात कुणा शिकलेल्या माणसाला "असं नका करू" म्हटलं नव्हतं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"बाई, चमचा परत पेल्यात नका घालू."

"का?"

"पावडर पिठाची आहे. त्यांची लाळ जातेय त्यात. पातळ झालं असेल. तिरपा करून बघा."

बाईंनी पेला तिरपा केला. पाण्याची सरळ धार ट्रेमध्ये पडली.  मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मी हे शिकले होते हो. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं." पेला धुऊन त्यांनी नवं पाणी कालवलं, आणि या वेळी छोट्या कपात थोडं थोडं काढून दिलं. एक, दोन, पाच. दहा चमचे झाले. कंठ दहा वेळा वर गेला, दहा वेळा खाली आला. वन्सं बोटांवर मोजत होत्या.

"नळी आत्ता नको," बाई म्हणाल्या. "महिन्याने परत बघू. आणि डिंकाची पावडर येते, तिला लाळ काही करत नाही. ती लिहून देते. मिळेपर्यंत घरची रीतच चालू ठेवा. कुणी दाखवली ही?"

धाकटीने बाबांकडे बोट केलं. बाबा म्हणाले, "बघ."

घरी येईपर्यंत दीड वाजला. बाबांचं झालं, वन्सं जेवून आपल्या घरी पळाल्या, आणि धाकटी ताट घेऊन खाटेशेजारी जमिनीवर बसली. पाव होता, भाजी केव्हाच निवली होती. तिची जेवायची तऱ्हा ठरलेली. घास मोडायचा, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा, पाच मिनिटांत उठायचं. दोनचं पाणी ढवळायचं होतं.

"बघ," वरून आवाज आला. बाबा आपला अर्धा जबडा वरखाली करून दाखवत होते. चाव.

"चावतेय की."

जबडा हलतच राहिला. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि भाजीशिवाय नुसता पावाचा तुकडा तोंडात घेतला. चावला. काही नाही, नुसता लगदा. गिळायला गेली तर वरून हात आडवा. आणखी. ती चावत राहिली. किती दिवसांनी तिचे दात आणि जीभ एकाच कामावर होते कोण जाणे. डोळे आपोआप मिटत होते. आणि मग जिभेच्या कडेशी, अगदी बारीक, काहीतरी लागलं.

ती चावायची थांबली. गोड होतं.

तिने घाबरून कोनाड्यातल्या देवाकडे बघितलं. चार महिने पाळलेला नेम, आणि आता घास तोंडात, ना गिळता येतोय, ना थुंकता. बाबांना नेमाचं काही ठाऊक नव्हतं. ते डाव्या बाजूने हसत होते, तिला गोड लागलेलं कळल्यासारखे.

साखर मी घातलेली नाही, तिने देवाला सांगितलं. तू ठेवली होतीस तिथे ती होती. आता तूच काय ते ठरव.

देवाने काही हरकत घेतलेली दिसली नाही. तिने तो घास सावकाश गिळला. घड्याळात दोनला पाच कमी होते, पेला ओट्यावर रिकामा होता. तिने पावाचा दुसरा तुकडा मोडला आणि पाय लांब केले.